गुप्त कुलूप की गुप्त किल्ली?

मोटारीच्या चावीत चिप असते आणि त्या चिपमुळे गाडी चोरीला जात नाही, हे विधान आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. गाडी विकणारा ते सांगतो, गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत ते छापलेले असते आणि वृत्तपत्रांतील तंत्रज्ञानाच्या सदरांतही बहुधा तेवढेच सांगितलेले असते. वर्गातील एखादा चौकस विद्यार्थी 'ती चिप नेमके काय करते?' असे विचारतो, तेव्हा 'ती गाडीला एक गुप्त सिग्नल पाठवते' एवढे सांगून आपण मोकळे होतो. हे उत्तर दोन ठिकाणी कच्चे आहे. 'पाठवते' या शब्दात भौतिकशास्त्राची गफलत आहे आणि 'गुप्त' या शब्दात त्याहून मोठी गफलत आहे. गंमत अशी, की ही दुसरी गफलत केवळ सदरलेखकांची नाही. ज्यांनी या यंत्रणा बनविल्या, त्यांतील कित्येक कंपन्यांनीही ती केली आणि तिची किंमत गाडीमालकांना मोजावी लागली.

या लेखात चिपवाल्या चावीचे कार्य समजावून घेऊ आणि मग तिच्या रचनेमागे जी भूमिका राहिली तिची तपासणी करू. 'इमोबिलायझर' म्हणजे गाडी जागची हलू न देणारी यंत्रणा. ती निरुपयोगी आहे, असे मला म्हणायचे नाही. ती उपयोगी आहे आणि म्हणूनच तिची चिकित्सा व्हायला हवी.

तारा जोडण्याचे दिवस

हिंदी चित्रपटांत नायक स्टिअरिंगखाली वाकतो, दोन तारा ओढून काढतो, एकमेकींना लावतो आणि गाडी सुरू होते. प्रीमियर पद्मिनी किंवा अँबॅसडरच्या जमान्यात हे दृश्य अगदीच खोटे नव्हते. त्या गाड्यांतील चावीचे कुलूप म्हणजे मूलतः एक बटण होते. चावीचे दात जुळले की कुलूप फिरे, कुलूप फिरले की विद्युतमंडल पूर्ण होई. 'हा माणूस गाडी चालवण्यास पात्र आहे का?' हा प्रश्न आणि 'मंडल पूर्ण करा' ही कृती, या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी घडत. त्यामुळे कुलूप टाळून तारा जोडल्या, की पहिला प्रश्न विचारलाच जात नसे.

इंजिनात इंधन किती आणि केव्हा सोडायचे हे संगणक ठरवू लागला, तेव्हा ही दोन कामे वेगळी करणे शक्य झाले. आता तारा जोडून फार तर स्टार्टर फिरेल. पण संगणकाची परवानगी नसेल तर इंधन सुटत नाही किंवा ठिणगी पडत नाही. काही गाड्यांत इंजिन क्षणभर सुरू होऊन बंद पडते आणि समोरच्या फलकावर चावीचे चित्र असलेला दिवा लुकलुकतो.

पनवेलच्या बाजारपेठेत किंवा कोणत्याही गावात रस्त्याच्या कडेला कानस घेऊन बसणाऱ्या चावीवाल्याला हा फरक चांगला ठाऊक असतो. कोऱ्या चावीवर दात पाडून तो हुबेहूब नक्कल करून देईल, पण आधीच बजावील, 'साहेब, याने दार उघडेल, गाडी सुरू होणार नाही.' एका वाक्यात त्याने इमोबिलायझरचे तत्त्व सांगितलेले असते.

बॅटरी नसलेली चिप

आधी एक घोटाळा दूर करू. दारे उघडण्यासाठी चावीवर जी बटणे असतात, त्यांचा इमोबिलायझरशी थेट संबंध नसतो. बटणांसाठी चावीत छोटी बॅटरी असते आणि तिच्या जोरावर रेडिओलहरी खरोखरच बाहेर पाठविल्या जातात. इमोबिलायझरची चिप मात्र निराळी. चावीच्या डोक्यात, प्लॅस्टिकच्या आत, तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढ्या काचेच्या कुपीत किंवा लहानशा काळ्या वडीत ती बसविलेली असते आणि तिला बॅटरी नसते. म्हणूनच रिमोटची बॅटरी संपली तरी गाडी सुरू होते.

मग या चिपला वीज मिळते कोठून? चावी जेथे घालतो त्या कुलपाभोवती तारेचे एक वेटोळे असते. चावी फिरवताच गाडी या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती धारा सोडते. तिची वारंवारता बहुतेक गाड्यांत सुमारे १२५ किलोहर्ट्‌झ असते. चावीतील चिपलाही बारीक तारेचे वेटोळे जोडलेले असते. पहिल्या वेटोळ्याचे बदलते चुंबकीय क्षेत्र दुसऱ्यातून जाते आणि फॅरडेच्या नियमानुसार तेथे विद्युतदाब निर्माण होतो. ट्रान्सफॉर्मरची दोन वेटोळी लोखंडाच्या गाभ्याऐवजी हवेने जोडली, तर जे होईल तेच येथे होते.

हवेतून मिळणारा दाब फारच कमी असतो. तो वाढविण्यासाठी चिपच्या वेटोळ्याबरोबर एक कपॅसिटर जोडून त्या जोडीची नैसर्गिक वारंवारता १२५ किलोहर्ट्‌झच्या जवळ आणलेली असते. झोपाळ्याला त्याच्या ठेक्यात हलके धक्के दिले तरी झोका उंच जातो, तसेच हे अनुस्पंदन. उदाहरणार्थ, २१० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि ७.७ मिलिहेन्रीचे वेटोळे घेतले, तर वारंवारता सुमारे १२५ किलोहर्ट्‌झ येते. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हे गणित जरूर करायला द्यावे.

आता 'पाठवते' या शब्दाकडे येऊ. १२५ किलोहर्ट्‌झच्या लहरीची तरंगलांबी २४०० मीटर येते. चावी आणि कुलूप यांच्यात असते जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर अंतर. एवढ्या अंतरावर लहर सुटून दूर जाण्याचा प्रश्नच येत नाही. हा चुंबकीय क्षेत्राचा, म्हणजे शेजारधर्माचा मामला आहे. वेटोळ्यापासून थोडे दूर गेले, की हे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. अंतर दुप्पट, तर क्षेत्र एक अष्टमांश.

मग चिप उत्तर देते कसे? यासाठी सायकलच्या डायनॅमोची आठवण करावी. दिवा लावला की पेडल जड जाते, दिवा बंद केला की हलके होते. डोळे मिटलेल्या सायकलस्वारालाही पायांवरून कळेल, की दिवा चालू आहे की बंद. चिप हेच करते. स्वतःच्या वेटोळ्यावरील भार ती ठराविक लयीत कमी-जास्त करते. गाडीच्या वेटोळ्याला तो 'जडपणा' जाणवतो आणि त्या चढउतारातून शून्य आणि एक वाचले जातात. चिप काही पाठवीत नाही. गाडीनेच दिलेल्या ऊर्जेवर ती ओढ देते. जुना डायनॅमो मिळाला तर हा प्रयोग वर्गात दोन मिनिटांत होतो.

नाव सांगणे आणि ओळख पटविणे

पनवेलहून द्रुतगती महामार्गाने पुण्याकडे निघालेली गाडी खालापूरच्या टोलनाक्यावर येते, तेव्हा काचेवरील फास्टॅगही असाच बॅटरीविना उत्तर देतो. त्याची वारंवारता बरीच जास्त, सुमारे ८६५ मेगाहर्ट्‌झ असते आणि तेथे खरोखरच लहरींचे परावर्तन होते. पण महत्त्वाचा फरक पुढेच आहे. फास्टॅगचे काम मुख्यतः आपला क्रमांक सांगण्याचे. क्रमांकावरून खाते शोधून पैसे वळते करण्याचे काम दुसरीकडे होते.

चावीतील चिपने केवळ क्रमांक सांगितला तर? तर जवळून एकदा ऐकणाऱ्याला तो कळेल आणि तो पुन्हा उच्चारला की गाडी सुरू होईल. सुरुवातीच्या काही इमोबिलायझरांत असेच साधे क्रमांक होते. म्हणून पुढे 'प्रश्नोत्तरा'ची पद्धत आली. गाडी दर वेळी एक नवी, यदृच्छ संख्या प्रश्न म्हणून देते. चिप त्या संख्येवर आपल्याजवळच्या गुप्त अंकाच्या साहाय्याने एक क्रिया करते आणि फक्त उत्तर सांगते. गाडीकडेही तोच गुप्त अंक असतो. तीही तीच क्रिया करून उत्तर ताडून पाहते. गुप्त अंक स्वतः कधीच बाहेर उच्चारला जात नाही.

हा खेळ वर्गात खेळता येतो. एका विद्यार्थ्याला 'चावी' करा, दुसऱ्याला 'गाडी'. दोघांनी मिळून गुप्त अंक ठरवावा, समजा १३. क्रिया अशी, की प्रश्नाला गुप्त अंकाने गुणायचे आणि शेवटचे दोन अंक सांगायचे. गाडी म्हणाली ५२. गुणाकार ६७६, चावी म्हणाली ७६. उरलेला वर्ग 'चोर' आहे. त्याला क्रिया माहीत आहे, १३ मात्र माहीत नाही. १ ते ९९ पर्यंतचे सर्व आकडे त्याने करून पाहिले, तर ५२ ला ७६ उत्तर देणारे चार उमेदवार सापडतील: १३, ३८, ६३ आणि ८८. आता आणखी एक प्रश्नोत्तर ऐकू द्या. गाडी म्हणाली ३७, चावी म्हणाली ८१. चारपैकी फक्त १३ उरतो. दोन प्रश्नोत्तरे ऐकून चोराला चावी मिळाली.

या खेळात तीन प्रश्न दडलेले आहेत. गुप्त अंक किती मोठा असावा? क्रिया कशी असावी? आणि क्रिया लपवून ठेवली तर काही लाभ होईल का? इमोबिलायझरचा पुढला इतिहास म्हणजे या तीन प्रश्नांची उत्तरे चुकण्याचा इतिहास आहे.

पन्नास हजारांचा नियम

युरोपीय संघाने १९९५ च्या निर्देशानुसार ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा केला. ऑस्ट्रेलियाने २००१ मध्ये, तर कॅनडाने २००७ मध्ये तसे केले. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली तयार झालेल्या युरोपीय नियमावलीत विजाणू कुलपासाठी एक अट होती. सांकेतिक क्रमांकाचे किमान ५०,००० प्रकार असावेत आणि क्रमांक दर वेळी बदलणारा असावा, किंवा सर्व प्रकार करून पाहण्यास किमान दहा दिवस लागावेत. दिवसाला ५,००० या वेगाने ५०,००० प्रकारांना दहा दिवस लागतात, असा हिशेब.

हा नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोणता चोर होता, हे उघड आहे. गाडीजवळ बसून एकामागून एक क्रमांक करून पाहणारा, चाव्यांचा जुडगा घेऊन कुलपापाशी उभ्या असलेल्या चोराचा वारसदार. पण आपल्या वर्गातील चोराने काय केले ते आठवा. त्याने दोन उत्तरे ऐकली आणि बाकीचे काम आपल्या जागेवर बसून केले. गाडीला त्याने हातही लावला नाही. प्रत्येक प्रयत्नानंतर गाडीने कितीही वेळ थांबायला लावले, तरी त्याला फरक पडत नाही, कारण तो गाडीला विचारतच नाही.

२००५ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए प्रयोगशाळेतील संशोधकांनी नेमके हेच करून दाखविले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्‌स कंपनीच्या, फोर्डसह अनेक गाड्यांत वापरल्या जाणाऱ्या चिपमध्ये ४० द्विमान अंकांची गुप्त किल्ली होती. ४० द्विमान अंक म्हणजे २ चा ४० वा घात, सुमारे १ लाख १० हजार कोटी शक्यता. सेकंदाला एक या वेगाने त्या तपासायला ३५ हजार वर्षे लागतील. पण संगणक सेकंदाला एक या वेगाने काम करीत नाही. संशोधकांनी १६ चिपांचा एक संच या कामाला जुंपला आणि तासाभराच्या आसपास किल्ली शोधून काढली. त्यासाठी त्यांना हवी होती फक्त दोन प्रश्नोत्तरे. दोन का? कारण त्या चिपचे उत्तर २४ द्विमान अंकांचे होते, किल्लीपेक्षा आखूड. एका उत्तरावरून अनेक उमेदवार उरत, जसे आपल्या खेळात चार उरले.

याच कंपनीच्या पुढच्या, ८० अंकी किल्लीच्या चिपची कथा अधिक बोधप्रद आहे. २०२० मध्ये बेल्जियममधील ल्यूव्हेन आणि इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखविले, की ह्युंदाई व किया यांच्या काही गाड्यांत ८० पैकी फक्त २४ अंक यदृच्छ होते. टोयोटाच्या काही गाड्यांत तर किल्ली चिपच्या क्रमांकावरून बनविलेली होती आणि तो क्रमांक चिप विचारेल त्याला सांगत होती. २४ द्विमान अंक म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख शक्यता. पन्नास हजारांच्या नियमाच्या ही संख्या ३३५ पट आहे. म्हणजे नियमाच्या मोजपट्टीने कुलूप भक्कम आणि साध्या संगणकापुढे ते क्षणभरही टिकत नाही.

दोष आकड्यात नाही, कल्पनेत आहे. मोजपट्टी चुकीच्या चोराला लावलेली होती. आपल्याकडे वाहनांची तपासणी व प्रमाणन करणाऱ्या प्रमुख संस्थांत पुण्याची एआरएआय ही संस्था आहे आणि भारतीय वाहनमानके बऱ्याच अंशी युरोपीय नियमांच्या धर्तीवर बेतलेली असतात. तेव्हा हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही.

न्यायालयात गेलेला निबंध

आता 'गुप्त' या शब्दाकडे वळू. वरील सर्व चिपांत एक गोष्ट समान होती. क्रिया, म्हणजे प्रश्नावरून उत्तर काढण्याचे सूत्र, कंपनीने लपवून ठेवले होते. 'सूत्रच माहीत नाही, तर चोर काय करणार?' असा विचार.

२०१२ मध्ये 'हिटॅग-२' या, युरोपीय गाड्यांत फार पसरलेल्या चिपवरील निबंध प्रसिद्ध झाला. ४८ अंकी किल्ली ३६० सेकंदांच्या आत मिळविता येते, हे संशोधकांनी २० हून अधिक गाड्यांवर करून दाखविले. निबंधाच्या शीर्षकात मोटारचोरीवरील प्रसिद्ध हॉलिवूडपटाच्या 'साठ सेकंदां'वर कोटी होती.

पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, यांतील दोन संशोधक, रोएल व्हर्डुल्ट आणि फ्लाव्हिओ गार्सिया, बारिश एगे यांच्यासह 'मेगामोस क्रिप्टो' या चिपवरील निबंध वॉशिंग्टनच्या परिषदेत सादर करणार होते. ही चिप आउडी, फियाट, होंडा, फोक्सवागन, व्होल्व्हो यांच्या बहुतेक गाड्यांत होती. संशोधकांनी चिप बनविणाऱ्या कंपनीला नऊ महिने आधी कळविले होते. तरीही फोक्सवागनने इंग्लंडच्या उच्च न्यायालयात धाव घेतली आणि जून २०१३ मध्ये प्रकाशनास मनाई मिळविली. निबंध अखेर ऑगस्ट २०१५ मध्ये, एक वाक्य वगळून, प्रसिद्ध झाला.

त्यात काय होते? ९६ अंकी किल्ली, म्हणजे शक्यता करून पाहणे अशक्यच. पण सूत्राच्या आणि वापराच्या रचनेत अशा फटी होत्या, की एका पद्धतीने अर्ध्या तासात किल्ली मिळे. काही कंपन्यांनी किल्ल्याच कच्च्या निवडल्या होत्या. त्या तर साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत सापडत. आणि ते 'गुप्त' सूत्र संशोधकांना मिळाले कोठून? चाव्यांच्या नकला करण्यासाठी विकल्या जाणाऱ्या एका उपकरणाच्या संगणक-आज्ञावलीतून. ती इंटरनेटवर २००९ पासून उपलब्ध होती. म्हणजे ज्याला पैसे मोजायचे होते त्याच्यासाठी गुपित उघडेच होते. ते बंद होते ते गाडीमालकांना, विमा कंपन्यांना आणि अभ्यासकांना.

फोक्सवागनच्या बाजूने एक मुद्दा गंभीरपणे घ्यायला हवा, आणि न्यायमूर्तींनीही तो घेतला होता. संगणकातील त्रुटी आज कळली तर उद्या दुरुस्ती पाठविता येते. रस्त्यावरील लाखो गाड्यांच्या चाव्यांतील चिप अशी दुरुस्त करता येत नाही. गाडी पंधरा वर्षे चालते. मग दोष जाहीर केल्याने आजच्या मालकाचे नुकसान नाही का?

होऊ शकते. म्हणूनच उत्पादकाला आधी कळविणे, वाजवी मुदत देणे, घरफोडीची कृती वाटावी असे तपशील मागे ठेवणे, हे सारे योग्यच आहे. पण मुदत आणि मौन यांत फरक आहे. मौनाचा परिणाम काय होतो, याचे उदाहरण २०१८ मध्ये मिळाले. टेस्ला मॉडेल-एस या अत्यंत महागड्या गाडीच्या चावीत ल्यूव्हेनच्या संशोधकांना तेच ४० अंकी सूत्र आढळले, जे २००५ मध्ये जाहीरपणे मोडले गेले होते. तेरा वर्षांपूर्वी छापून आलेले असूनही दोष पुढच्या पिढीत उतरला. छापूनच आले नसते तर?

हा वाद जुनाच आहे

१८५१ साली लंडनच्या जागतिक प्रदर्शनात आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिराने इंग्लंडची अभेद्य मानली जाणारी दोन कुलुपे उघडून दाखविली. चबचे कुलूप अर्ध्या तासाच्या आत आणि ब्रामाचे सुमारे ५१ तास खर्चून. तेव्हाही ओरड झाली, की अशाने चोरांना शिकवण मिळेल. हॉब्जचे उत्तर असे होते, की चोर या विद्येत आधीच तरबेज आहेत, अज्ञान फक्त कुलूप विकत घेणाऱ्याचे आहे. त्या टीकेने कुलुपांचा धंदा बुडाला नाही, तो सुधारला. मुंबईत लालबागला अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलुपांचा कारखाना काढला, तेव्हा कुलपाची रचना जगजाहीर आणि किल्ली मात्र ज्याची त्याच्याजवळ, हे तत्त्व रूढ झाले होते.

१८८३ मध्ये ऑगस्त केर्कहॉफ्स यांनी लष्करी सांकेतिक लेखनाविषयी हेच सूत्रबद्ध केले. यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी अडचण होऊ नये, गुप्तता फक्त किल्लीत असावी. आज बँकव्यवहारांत वापरले जाणारे 'एईएस' हे सूत्र याच मार्गाने आले. १९९७ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने जाहीर आवाहन केले, जगभरातून आलेल्या १५ सूत्रांवर तज्ज्ञांनी उघडपणे हल्ले चढविले आणि त्यातून तावून सुलाखून निघालेले दोन बेल्जियन संशोधकांचे सूत्र २००१ मध्ये मानक ठरले. ते कोणालाही वाचता येते. त्यावर आधारलेल्या चावीच्या चिपाही आता बाजारात आहेत. म्हणजे मोटारउद्योगाने ते वापरू नये असे काही कारण नव्हते. चिपचा खर्च आणि जुनी सवय, एवढेच आड आले.

मग उपयोग किती?

नेदरलँड्समधील मोटारचोरीच्या आकड्यांचा अभ्यास करून व्हॅन ऑवर्स आणि व्होलार्ड या अर्थशास्त्रज्ञांनी दाखविले, की इमोबिलायझरमुळे १९९५ ते २००८ या काळात चोऱ्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. उलट बाजूचा पुरावा अमेरिकेने दिला. तेथे सक्ती नव्हती. ह्युंदाई व किया यांच्या २०११ ते २०२१ मधील अनेक स्वस्त गाड्यांत इमोबिलायझरच नव्हता. २०२१-२२ मध्ये अशा गाड्यांचे कुलूप फोडून यूएसबी केबलच्या तोंडाने ते फिरविण्याच्या चित्रफिती पोरांमध्ये पसरल्या आणि चोऱ्यांची लाट आली. अखेर २०२३ मध्ये कंपन्यांना सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी सुधारित आज्ञावली द्यावी लागली. शेजारच्या कॅनडात मात्र सक्तीमुळे याच गाड्यांत इमोबिलायझर होता.

तेव्हा कच्चा इमोबिलायझरही हौशी चोराला अडवितो. सराईत टोळी मात्र कच्चा दुवा हुडकते. बिनचावीच्या, बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांत तर सूत्र मोडण्याचीही गरज नसते. एक साथीदार घराच्या दाराशी आणि दुसरा गाडीपाशी, असे दोघे मिळून गाडीचा प्रश्न घरातील चावीपर्यंत आणि चावीचे उत्तर गाडीपर्यंत पोहोचवितात. झुरिचच्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा गाड्यांवर हे करून दाखविले. उत्तर खरेच असते, फक्त निरोप्या लबाड असतो. त्यावर उपाय म्हणजे उत्तर यायला लागलेला वेळ मोजणे. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. तेव्हा चावी खरोखर जवळ आहे की नाही, हे काळावरून ताडता येते.

हे सारे सामान्य माणसाला माहीत असणे का महत्त्वाचे? गाडी चोरीला गेल्यावर आपल्याकडे विमा कंपन्या बहुधा दोन्ही मूळ चाव्या मागतात. ती मागणी रास्त आहे. पण 'चिपवाल्या चावीशिवाय गाडी सुरू होणे अशक्य' हे गृहीत धरले, तर दोन्ही चाव्या हातात असलेला प्रामाणिक मालकच संशयित ठरतो. वरील सर्व प्रयोग 'अशक्य' हा शब्द खोडून काढतात. कंपनीच्या गुपिताचे ओझे कोणाच्या खांद्यावर येते, ते येथे दिसते.

वर्गात काय सांगावे?

विद्यार्थ्याने पुन्हा विचारले, 'चिप काय करते?' तर असे सांगता येईल: ती गाडीकडूनच ऊर्जा घेते, गाडीने विचारलेल्या नव्या प्रश्नाचे उत्तर आपल्या गुप्त अंकावरून काढते आणि डायनॅमोसारखी ओढ देऊन ते कळविते. हे उत्तर आठवीच्या मुलालाही झेपेल, आणि त्यात फॅरडेही येतो, अनुस्पंदनही येते, घातांकही येतात.

त्यापुढे खेळातील 'चोरां'ना एक काम द्यावे. त्यांनी १३ शोधून काढला, की 'गाडी' आणि 'चावी' यांनी आपली क्रिया सुधारावी, ती फळ्यावर लिहावी आणि चोरांनी पुन्हा प्रयत्न करावा. दोन-तीन फेऱ्यांत मुलांच्या एक गोष्ट आपोआप लक्षात येईल. ज्या क्रियेवर सर्वांनी हल्ला करून पाहिला आणि ती टिकली, तिच्यावरच विश्वास ठेवावासा वाटतो. जी कोणी पाहिलीच नाही, ती मजबूत आहे असे फक्त ती बनविणारा म्हणतो.

विज्ञानात आपण सिद्धांताबाबत हेच शिकवितो. चावीला वेगळा नियम लावण्याचे कारण नाही.